झोप मोजणाऱ्यांची मिळकत आणि कर्ज

रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात. अमेरिकेतल्या एखाद्या मध्यम शहरातले रुग्णालय. दिवसपाळीची माणसे केव्हाच घरी गेलेली असतात आणि स्लीप लॅबमध्ये मात्र कामाला आत्ता सुरुवात होत असते. खोली दिसायला हॉटेलच्या खोलीसारखी असते. रुग्ण रात्रीचे कपडे घालून पलंगावर बसतो आणि टेक्नॉलॉजिस्ट त्याच्या डोक्याचे माप घेऊन ठरावीक जागी इलेक्ट्रोड चिकटवू लागते. डोळ्यांच्या कडा, हनुवटी, पायांच्या नडग्या यांवरही इलेक्ट्रोड लागतात. छातीला आणि पोटाला पट्टे, नाकाखाली श्वासाचा प्रवाह टिपणारी नळी, बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा. एवढा जामानिमा झाल्यावर दिवा मालवला जातो आणि शेजारच्या खोलीतल्या पडद्यावर रेषा धावू लागतात.

त्या रेषांवर ती रात्रभर नजर ठेवते. झोपेची नोंद तीस-तीस सेकंदांच्या तुकड्यांत वाचायची असा संकेत आहे. म्हणजे आठ तासांच्या झोपेचे ९६० तुकडे होतात. प्रत्येक तुकड्यात माणूस जागा होता, हलक्या झोपेत होता, गाढ झोपेत होता की स्वप्नांच्या झोपेत, हे ठरवायचे. श्वास दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ थांबला तर त्याची नोंद घ्यायची. तासाला असे पाच ते पंधरा अडथळे आले तर आजार सौम्य, पंधरा ते तीस आले तर मध्यम, तिसाच्या वर गेले तर तीव्र. मध्यरात्री गरज पडली तर रुग्णाला मास्क लावून हवेचा दाब थोडा थोडा वाढवत त्याचा श्वास मोकळा होईपर्यंत जुळवून घ्यायचा. सकाळी रुग्ण उठून कामाला जातो आणि ती झोपायला घरी जाते.

या तपासणीला पॉलिसॉम्नोग्राफी म्हणतात आणि ती शिकवणारे प्रमाणपत्र व पदवी अभ्यासक्रम अमेरिकेत आहेत. शिकायला निघालेल्या मुलामुलींपुढे साहजिकच दोन प्रश्न असतात : कोणत्या अभ्यासक्रमातून बाहेर पडल्यावर पगार किती मिळतो, आणि तिथे शिकायला कर्ज किती काढावे लागते? या प्रश्नांची उत्तरे देणाऱ्या क्रमवाऱ्या सहज मिळतात. कॉलेजाचे नाव, पुढे मिळकतीचा आकडा, त्यापुढे कर्जाचा आकडा. आकडे सरकारी असतात, म्हणून विश्वासही बसतो. पण हे आकडे नेमके कोणाचे आहेत, याची चौकशी केली तर चित्र बरेच बदलते. ती चौकशी हाच या लेखाचा विषय.

पदवी नंतर आली

आधी हा पेशा कसा घडला ते थोडक्यात पाहू, कारण पगाराचे कोडे तिथूनच सुटायला लागते. जर्मन डॉक्टर हान्स बर्गर यांनी माणसाच्या मेंदूतल्या विद्युतलहरींची नोंद १९२९ मध्ये प्रसिद्ध केली. १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठातल्या युजीन ॲसेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी झोपेत डोळे वेगाने फिरण्याचा काळ असतो हे दाखवून दिले. १९६८ मध्ये झोपेच्या अवस्था कशा ओळखाव्यात याची प्रमाण पुस्तिका आली. १९७० मध्ये विल्यम डिमेंट यांनी स्टॅनफर्डला झोपेच्या विकारांचे क्लिनिक सुरू केले. १९८१ मध्ये सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी हवेच्या दाबाने श्वसनमार्ग उघडा ठेवण्याचा उपचार मांडला. आज ज्याला सीपॅप म्हणतात तो हाच. या उपचारामुळे झोपेच्या तपासणीला मोठी मागणी आली, कारण आता निदानापुढे औषधयोजना होती.

मागणी आली तेव्हा पदवीधर नव्हतेच. जे हाताशी होते ते शिकले : श्वसनोपचार करणारे, मेंदूचा आलेख काढणारे, रात्रपाळीला तयार असणारे मदतनीस. काम करता करता शिकायचे आणि मग नोंदणी परीक्षा द्यायची, ही या पेशाची मूळ वाट. कॉलेजातले अभ्यासक्रम मागाहून उभे राहिले. ओरेगन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीसारख्या संस्थांत दोन वर्षांची ‘असोसिएट’ पदवी मिळते. नॉर्थ कॅरोलायनात शार्लट आणि चॅपेल हिल इथल्या विद्यापीठांनी मिळून न्यूरोडायग्नॉस्टिक्स आणि झोपविज्ञानाचा पदवी अभ्यासक्रम चालवला. अनेक कम्युनिटी कॉलेजांत वर्षभराची किंवा त्याहून कमी मुदतीची प्रमाणपत्रे आहेत.

जुनी वाट मात्र बंद झाली नाही. पेशाची मुख्य ओळख म्हणजे ‘आरपीएसजीटी’ ही नोंदणी. तिच्या परीक्षेला बसण्याचे मार्ग अनेक आहेत : मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पूर्ण करणे, आरोग्यक्षेत्रातली दुसरी नोंदणी आधीच हाती असणे, किंवा प्रत्यक्ष कामाचे तास आणि जोडीला थोडे शिक्षण. म्हणजे एकाच लॅबमध्ये, एकाच रात्री, शेजारशेजारच्या खुर्च्यांवर चार वर्षांची पदवी घेतलेली व्यक्ती आणि काही महिन्यांचे प्रमाणपत्र घेतलेली व्यक्ती एकच काम करत असू शकतात.

एका रकान्यात किती पेशे?

आता आकड्यांकडे वळू. अमेरिकेच्या शिक्षण खात्याने २०१५ मध्ये ‘कॉलेज स्कोअरकार्ड’ हा माहितीचा साठा लोकांसाठी खुला केला. २०१९ पासून त्यात संपूर्ण कॉलेजाच्या आकड्यांबरोबर एकेका अभ्यासक्रमाची मिळकत आणि कर्जही दिसू लागले. मिळकत विद्यार्थ्यांना विचारून लिहिलेली नसते. ती कराच्या नोंदींवरून घेतलेली असते. हे या साठ्याचे मोठे बळ. सरासरीऐवजी त्यात मध्यक दिलेला असतो, म्हणजे सगळ्यांना मिळकतीच्या क्रमाने उभे केले तर बरोबर मध्ये येणाऱ्याची मिळकत. चार-दोन गलेलठ्ठ पगारांनी आकडा फुगू नये म्हणून हे योग्यच आहे.

अडचण निघते ती वर्गीकरणात. अमेरिकेत प्रत्येक शिक्षणविषयाला सहा अंकी क्रमांक असतो. पॉलिसॉम्नोग्राफीचा क्रमांक ५१.०९१७. पण स्कोअरकार्डमध्ये अभ्यासक्रमांचे आकडे पहिल्या चार अंकांवरच गोळा केले जातात. म्हणजे ५१.०९ या क्रमांकाखाली जे जे येते ते सगळे एका रकान्यात. आणि त्या रकान्यात काय काय येते? श्वसनोपचार, क्ष-किरण तंत्रज्ञान, सोनोग्राफी, मेंदूचे आलेख काढणे, रुग्णवाहिकेतली आपत्कालीन सेवा, आणि या सगळ्या गर्दीत कुठेतरी झोप.

या पेशांचे पगार एकसारखे असते तर काही बिघडले नसते. पण अमेरिकेच्या श्रम खात्याच्या २०२३ च्या आकडेवारीत सोनोग्राफी करणाऱ्यांची वार्षिक मध्यक मिळकत सुमारे ८४ हजार डॉलर, श्वसनोपचारकांची सुमारे ७८ हजार, तर रुग्णवाहिकेतल्या प्राथमिक तंत्रज्ञांची सुमारे ३९ हजार डॉलर होती. हे सारे एकाच रकान्यातले सोबती. झोप-तंत्रज्ञांचा आकडा या श्रम खात्याच्या यादीतून वेगळा काढावा म्हटले, तर तिथेही त्यांना स्वतंत्र क्रमांक नाही.

देवगडच्या हापूसचा भाव विचारावा आणि उत्तरादाखल बाजारातल्या सगळ्या फळांचा मधला भाव मिळावा, तसे हे झाले.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एका कॉलेजातून एका वर्षी श्वसनोपचाराचे ४०, क्ष-किरण तंत्रज्ञानाचे ३५ आणि झोप-तंत्रज्ञानाचे ८ विद्यार्थी बाहेर पडले. एकूण ८३. मिळकतीच्या क्रमाने उभे केल्यावर बेचाळिसावा माणूस मध्यक ठरणार. झोप शिकलेले आठही जण रांगेच्या खालच्या अर्ध्यात असतील, तर त्यांचा पगार आहे त्याहून निम्मा झाला तरी बेचाळिसावा माणूस जागचा हलत नाही. आकडा तोच राहतो. म्हणजे ज्या आठ जणांबद्दल आपण विचारत होतो, त्यांचे काय झाले हे तो आकडा सांगतच नाही. उलट शेजारच्या कॉलेजात रुग्णवाहिका सेवेचा वर्ग मोठा असेल तर तिथला आकडा खाली येईल, आणि तिथे झोप कितीही चांगली शिकवली जात असली तरी क्रमवारीत ते कॉलेज मागे पडेल. क्रमवारीतली चढाओढ झोपेच्या अभ्यासक्रमांची वाटते. खरी तुलना होते ती कोणत्या कॉलेजात कोणते वर्ग मोठे आहेत याची.

त्यात आणखी एक गोष्ट. विद्यार्थ्यांची संख्या फार थोडी असेल तर त्यांची खासगी माहिती उघड होऊ नये म्हणून आकडा झाकला जातो. झोपेचे वर्ग बहुधा लहानच असतात. त्यामुळे ज्या कॉलेजात फक्त झोपच शिकवली जाते, शेजारचे पेशे नाहीत, आणि म्हणून आकडा स्वच्छ मिळाला असता, तिथलाच रकाना कोरा असण्याची शक्यता जास्त.

कर्ज कोणाचे मोजले?

कर्जाच्या आकड्यालाही अशाच खिडक्या आहेत. स्कोअरकार्डमध्ये दिसणारे कर्ज हे अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या आणि संघीय कर्ज घेणाऱ्या विद्यार्थ्यांचे मध्यक कर्ज असते. ज्यांनी कर्ज घेतलेच नाही ते यात शून्य म्हणून धरले जात नाहीत. ते मोजणीतच नसतात. म्हणून स्वस्त कम्युनिटी कॉलेजात बहुतेकांना कर्ज लागत नसले, तरी ज्या थोड्यांना लागले त्यांचाच आकडा कॉलेजाच्या नावापुढे दिसतो. दुसरीकडे, खासगी बँकांचे कर्ज त्या आकड्यात नसते आणि आईवडिलांनी मुलांसाठी घेतलेले संघीय कर्जही नसते. अर्धवट शिक्षण सोडून कर्ज मात्र डोक्यावर घेऊन गेलेले विद्यार्थी तर या हिशोबातून साफच निसटतात, आणि कर्जाने सगळ्यांत जास्त पिचतात ते बहुधा हेच.

तरीही कर्जाच्या बाजूला एक गोष्ट पक्की सांगता येते, कारण संघीय कर्जाच्या मर्यादा कायद्याने ठरलेल्या आहेत. आईवडिलांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी ५,५००, दुसऱ्या वर्षी ६,५०० आणि त्यापुढे दरवर्षी ७,५०० डॉलरपर्यंत कर्ज मिळते. म्हणजे दोन वर्षांच्या पदवीचे कमाल कर्ज १२,००० डॉलर, चार वर्षांच्या पदवीचे २७,०००. २०२४-२५ मध्ये पदवीपूर्व कर्जाचा व्याजदर ६.५३ टक्के होता. शिक्षणकाळातले व्याज बाजूला ठेवून आणि सोपेपणासाठी सगळ्या कर्जाला हाच दर व दहा वर्षांची फेड धरून हिशोब केला, तर हप्ते असे येतात :

दोन वर्षांची पदवी, कर्ज १२,००० : महिना सुमारे १३६ डॉलर.

चार वर्षांची पदवी, कर्ज २७,००० : महिना सुमारे ३०७ डॉलर.

२७ हजारांवर दहा वर्षांत जवळपास १० हजार डॉलर व्याज जाते. संघीय शिक्षण खात्याने व्यावसायिक अभ्यासक्रम तपासताना एक कसोटी वापरली आहे : वर्षाचे हप्ते वार्षिक मिळकतीच्या ८ टक्क्यांच्या आत असावेत. त्या मापाने दोन वर्षांच्या कर्जासाठी साडेवीस हजारांच्या आसपास मिळकत पुरते. चार वर्षांच्या कर्जासाठी ती ४६ हजारांच्या वर असावी लागते. आता हे आठवा, की लॅबमधल्या त्या दोन खुर्च्यांवरचे काम एकच आहे. पहिल्या नोकरीत पदवीच्या जादा दोन वर्षांचा जादा पगार मिळेलच, असे या पेशाच्या रचनेत काही नाही. कर्ज मात्र जादा असतेच.

जुलै २०२५ मध्ये झालेल्या संघीय कायद्याने हा प्रश्न आणखी धारदार केला आहे. एखाद्या पदवी अभ्यासक्रमातून बाहेर पडलेल्यांची मध्यक मिळकत ही फक्त शालान्त शिक्षण झालेल्या २५ ते ३४ वयाच्या कमावत्या लोकांपेक्षा कमी पडली आणि तीन वर्षांत दोनदा असे झाले, तर त्या अभ्यासक्रमाची संघीय कर्जाची पात्रता जाते. लहान वर्गांच्या, कमी ओळखीच्या पेशांसाठी आपली मिळकत कशी आणि कोणाबरोबर मोजली जाते हा आता अस्तित्वाचा प्रश्न होऊ शकतो.

पगार कशावर ठरतो?

मग या पेशात पगार ठरवते तरी कोण? पहिली गोष्ट नोंदणी. शिकाऊ आणि नोंदणीकृत यांच्या पगारात फरक पडतो आणि अनेक लॅब ठरावीक मुदतीत परीक्षा पास होण्याची अट घालतात. म्हणून अभ्यासक्रम निवडताना विचारायचा पहिला प्रश्न पगाराचा नसून ‘तुमच्या विद्यार्थ्यांपैकी किती जण पहिल्या प्रयत्नात परीक्षा पास होतात’ हा असायला हवा. अभ्यासक्रमाला ‘काहेप’ या संस्थेची मान्यता आहे का, हा त्याला जोडून येणारा प्रश्न.

दुसरी गोष्ट राज्य. कॅलिफोर्निया, मेरिलंड यांसारख्या राज्यांत हे काम करायला सरकारी नोंदणी किंवा परवाना लागतो. सगळ्या राज्यांत तो लागत नाही. जिथे परवाना लागतो तिथे मान्यताप्राप्त शिक्षणाला वजन येते.

तिसरी गोष्ट रात्र. रात्रपाळीचा भत्ता आणि जादा पाळ्या मिळून वर्षाची मिळकत वाढते. कराच्या नोंदीत वर्षाची बेरीज दिसते. ती किती रात्री जागून झाली ते दिसत नाही. आठवड्याला बारा तासांच्या तीन रात्री करणारी आणि चार रात्री करणारी व्यक्ती यांच्या तासाचा दर एकच असला तरी आकड्यात दुसरी पुढे दिसते. त्या चौथ्या रात्रीची किंमत कर्जाच्या रकान्यात कुठेच लिहिलेली नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रात्रपाळीच्या कामाला २००७ मध्ये ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात ठेवले आणि २०१९ च्या फेरविचारातही तिथेच ठेवले. इतरांची झोप दुरुस्त करणाऱ्यांना स्वतःच्या झोपेचे भाडे घ्यावे लागते, हा या पेशातला कडू विनोद आहे.

चौथी गोष्ट बदलते तंत्र. २००८ मध्ये अमेरिकेच्या मेडिकेअर योजनेने घरी केलेल्या तपासणीच्या आधारेही सीपॅपचा खर्च द्यायला मान्यता दिली. त्यानंतर साध्या श्वासरोधाच्या तपासण्या मोठ्या प्रमाणात लॅबमधून घरी गेल्या. लॅबमध्ये उरले ते गुंतागुंतीचे रुग्ण : हृदयविकाराचे, फेफऱ्याचे, झोपेत चालणारे, लहान मुले. तीस-तीस सेकंदांचे तुकडे वाचण्याचे कामही आता संगणक बऱ्याच अंशी करू लागला आहे. दुसरीकडे मास्कची सवय लावणे, उपचार सोडून देऊ नये म्हणून रुग्णाच्या मागे राहणे, निद्रानाशाच्या रुग्णांना मार्गदर्शन करणे, अशी दिवसाची कामे वाढत आहेत आणि त्यांच्यासाठी वेगळे प्रमाणपत्रही आहे. चार वर्षांच्या पदवीचा खरा मोबदला मिळाला तर तो इथे मिळेल : दिवसपाळी, व्यवस्थापन, अध्यापन, संशोधन. पण तो पदवीनंतर दोन-चार वर्षांच्या मिळकतीत क्वचितच दिसतो. म्हणजे हा आकडा पदवीवर दोन्ही बाजूंनी अन्याय करू शकतो. कधी फुगवून, कधी दडवून.

आपल्या घरातून पाहताना

मराठी घरांतली मुले आता आरोग्यक्षेत्रातल्या आडवाटांचाही विचार करतात आणि परदेशी कॉलेजांच्या याद्या घराघरांत पाहिल्या जातात. त्यांच्यासाठी एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. स्कोअरकार्डमधले आकडे केवळ संघीय अर्थसाहाय्य घेतलेल्या विद्यार्थ्यांचे असतात. भारतातून विद्यार्थी व्हिसावर गेलेल्यांना ते साहाय्य मिळत नाही. म्हणजे त्यांची मिळकतही त्या आकड्यांत नाही आणि कर्जही नाही. इथल्या बँकेतून घर तारण ठेवून काढलेले रुपयांतले कर्ज, सरकारी कॉलेजांतही बाहेरच्यांना लागू होणारी जास्त फी, डॉलरचा वाढता भाव, यांतले काहीच तिथल्या रकान्यात नाही. दुसऱ्याच्या मापाचा अंगरखा घालून पाहण्यासारखे ते आहे.

आपल्याकडेही रकान्यांचा प्रश्न वेगळा नाही. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यावसायिकांच्या केंद्रीय कायद्याच्या परिशिष्टात स्लीप लॅब टेक्नॉलॉजिस्टचे नाव आले, ही चांगली गोष्ट. पण ते मेंदूचे आणि स्नायूंचे आलेख काढणाऱ्यांबरोबर एकाच नोंदीत आले आहे. उद्या आपल्याकडे या शिक्षणाच्या मिळकतीचे आकडे जमू लागले तर तीच गल्लत इथेही होऊ शकेल.

मग तुलना करायचीच नाही का? जरूर करावी, पण कॉलेजाच्या दारात उभे राहून. गेल्या तीन वर्षांत झोपेच्या वर्गातून किती जण बाहेर पडले? त्यांतले किती परीक्षा पास झाले? किती जणांना याच पेशात नोकरी मिळाली, आणि ती त्या राज्यात की बाहेर? प्रत्यक्ष कामाचे तास कोणत्या लॅबमध्ये मिळतात? अर्धवट सोडून किती गेले? मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांना यांतले बरेचसे निकाल ठेवावे लागतात. विचारले तर ते मिळतात. उत्तर देताना जो अभ्यासक्रम चाचरतो त्याचा क्रमवारीतला नंबर कितीही वरचा असो, सावध राहिलेले बरे.

मिळकत किती होईल हे नोंदणी, राज्य, रात्री आणि यंत्रे मिळून ठरवणार; त्यातले फारच थोडे विद्यार्थ्याच्या हाती आहे. कर्ज किती काढायचे हे मात्र बऱ्याच अंशी त्याच्या हाती असते आणि ते पहिल्या दिवशीच ठरते. म्हणून या पेशात शिरणाऱ्याने लहान आणि मान्यताप्राप्त वाटेने आत यावे, नोंदणी मिळवावी, आणि पुढची पदवी नोकरी करता करता, शक्य असेल तर रुग्णालयाच्या शैक्षणिक मदतीतून घ्यावी, हा हिशोब मला तरी शहाणपणाचा वाटतो. रात्रभर दुसऱ्याचा श्वास मोजणाऱ्याला सकाळी घरी गेल्यावर हप्त्याच्या काळजीने जागे राहावे लागू नये, एवढे तरी त्यातून साधते.